रचणारा कुठे उभा असतो?

ब्रह्मसूत्राच्या दुसऱ्या अध्यायाचा दुसरा पाद सगळा वादाचा आहे. सांख्य, वैशेषिक, बौद्ध, जैन, पाशुपत असे एकेक पक्ष पुढ्यात घेऊन शंकराचार्य त्यांचा समाचार घेतात. त्या पादाचं पहिलंच सूत्र रचनेविषयी आहे. सांख्यांच्या मते जग अचेतन प्रकृतीतून आपसूक उलगडत जातं, त्याला कुणा चेतन कर्त्याची गरज नाही. भाष्यात आचार्य विचारतात, घर, वाडा, पलंग, आसन, बाग यांतली एक तरी वस्तू जाणत्याचा हात न लागता रचली गेलेली कुणी पाहिली आहे का? दगडमाती नुसती पडून राहिली तर तिचं घर होत नाही. मग ही पृथ्वी आणि हे देह, ज्यांची रचना निष्णात कारागिरांच्या मनातही मावत नाही, ते अचेतनाने कसे रचले?

हा प्रश्न मी लहानपणापासून ऐकत आले. आमचे अण्णा वाईचे, शाळेत संस्कृत शिकवणारे, आणि शांकरभाष्य त्यांच्या रोजच्या वाचनातलं. पुढे मी वनस्पतिशास्त्राकडे वळले, एम.फिल.साठी कोल्हापूरला गेले आणि तिथं हरितलवकाच्या आतल्या पटलांवर काम केलं. त्या पटलांत प्रथिनं कशी मांडलेली असतात ते कळल्यावर आचार्यांचा प्रश्न माझ्यापुरता पोथीतून बाहेर आला. पलंगापेक्षा आणि वाड्यापेक्षा कितीतरी चोख मांडणी समोर होती आणि मांडणारा कुणी दिसत नव्हता. तो नाहीच असं म्हणायचं, तो आहे पण दिसत नाही असं म्हणायचं, की आपण त्याला भलत्या जागी शोधतो आहोत असं म्हणायचं? मला तिसरं म्हणायचं आहे, आणि ते म्हणायला आधार शंकराचार्यांच्याच भाष्यात आहे.

आधी पानात काय आहे ते सांगते, कारण वाद तपशिलात आहे.

पालकाच्या पानातल्या एकेका पेशीत हरितलवकं डझनांनी असतात. प्रत्येकाच्या पोटात पातळ पटलाच्या चपट्या पिशव्या असतात, त्यांना थायलॅकॉइड म्हणतात. काही ठिकाणी या पिशव्या भाकरींच्या चवडीसारख्या एकावर एक बसलेल्या दिसतात. एक चवड म्हणजे ग्रॅनम, अनेक चवडी म्हणजे ग्रॅना. चवडीची रुंदी सुमारे अर्धा मायक्रॉन, म्हणजे एका मिलिमीटरमध्ये दोनेक हजार चवडी ओळीने बसतील. एका चवडीतून दुसरीकडे जाणारी मोकळी पटलं असतात, त्यांना स्ट्रोमा लॅमेला म्हणतात. पटल एकच, सलग. कुठे चवडीत दाबून बसलेलं, कुठे मोकळं.

या पटलात मुख्य चार प्रथिनसंकुलं रुतलेली असतात. फोटोसिस्टिम दोन पाणी फोडतं, ऑक्सिजन सोडतं आणि इलेक्ट्रॉन मोकळे करतं. सायटोक्रोम संकुल ते पुढे सरकवतं. फोटोसिस्टिम एक त्यांना प्रकाशाचा दुसरा धक्का देतं. एटीपी सिंथेज दरम्यान साठलेल्या प्रोटॉनांच्या जोरावर एटीपी घडवतं. दोन्ही फोटोसिस्टिम एकापाठोपाठ एक काम करतात हा आराखडा 1960 साली रॉबिन हिल आणि फे बेंडॉल यांनी मांडला. त्याची आकृती वनस्पतिशास्त्राच्या प्रत्येक विद्यार्थ्याने काढलेली असते. आकृतीत दोघं शेजारी दिसतात, म्हणून पटलातही ती शेजारीच असणार असं बराच काळ गृहीत धरलं गेलं.

1980 साली बर्टिल अँडरसन आणि जॅन अँडरसन यांनी दाखवलं की तसं नाही. आडनावांवरून ही भावंडं वाटतील, पण एक स्वीडनचे आणि दुसऱ्या न्यूझीलंडमध्ये जन्मलेल्या, कॅनबेराच्या सरकारी संशोधन संस्थेत काम करणाऱ्या. जॅनबाईंनी 1964 मध्येच कीथ बोर्डमन यांच्याबरोबर पालकाचं पटल डिजिटोनिनने फोडून दोन फोटोसिस्टिमचे अंश वेगळे काढून दाखवले होते. आता पटलाचे तुकडे एकमेकांत न मिसळणाऱ्या दोन द्रवांच्या थरांत वाटून घेतले, आणि कोणता तुकडा चवडीच्या आतला, कोणता बाहेरचा हे ठरवलं. निष्कर्ष असा निघाला की फोटोसिस्टिम दोन आणि त्याची प्रकाश गोळा करणारी प्रथिनं बहुतेक सगळी चवडीच्या आत, एकमेकांना भिडलेल्या पटलांत असतात. फोटोसिस्टिम एक आणि एटीपी सिंथेज बाहेर, मोकळ्या पटलांत आणि चवडीच्या कडेला. एका साखळीची ही दोन टोकं, आणि त्यांच्यात रेणूंच्या मानाने पाहिलं तर गावाएवढं अंतर. ते अंतर तोडायला प्लास्टोक्विनोन पटलाच्या आतून आणि प्लास्टोसायनिन नावाचं तांब्याचं छोटं प्रथिन पिशवीच्या पोकळीतून ये-जा करतं.

हे अंतर का, याची दोन उत्तरं आहेत आणि दोन्ही मला फार मोलाची वाटतात. पहिलं साधं आहे. चवडीतल्या दोन पिशव्यांमधली फट जेमतेम साडेतीन नॅनोमीटरची. एटीपी सिंथेजचं डोकं पटलाबाहेर दहा नॅनोमीटरहून जास्त येतं. फोटोसिस्टिम एकलाही त्या बाजूने उंचवटा आहे. ती फटीत मावत नाहीत, म्हणून बाहेर राहतात. कुणी त्यांना बाहेर बसवलेलं नाही, त्यांचा स्वतःचा देह त्यांची जागा ठरवतो. दुसरं उत्तर प्रकाशाच्या हिशोबाचं आहे. फोटोसिस्टिम एक प्रकाशाची ऊर्जा फार झपाट्याने गिळतं आणि थोड्या कमी ऊर्जेवरही चालतं. ते दोनच्या अंगाला अंग लावून बसलं असतं तर दोनच्या वाट्याची ऊर्जा सतत त्याच्याकडे ओघळली असती, आणि पाणी फोडायचं अवघड काम अर्धपोटी राहिलं असतं. दोघांना एकमेकांसाठी काम करायचं आहे, म्हणून दोघांना लांब राहावं लागतं.

आता प्रयोग. माझ्या सगळ्या विचाराचं मूळ त्यात आहे.

बाजारातून पालकाची ताजी जुडी आणायची, देठं काढायची, पानं धुऊन बर्फात गार करायची. थंड खोलीत मिक्सरमध्ये सॉर्बिटॉलच्या द्रावणात ती काही सेकंदच फिरवायची, जास्त फिरवली की सगळं फुकट. मग मलमलच्या चार पदरांतून गाळून सेंट्रिफ्यूजमध्ये घालायचं. नळीच्या तळाशी गडद हिरवा गाळ बसतो. तो चमच्याने किंवा काडीने ढवळायचा नाही, पटलं फाटतात. चित्रकलेचा मऊ ब्रश गार द्रावणात बुडवून हलक्या हाताने तो सोडवायचा. दिवे मंद ठेवायचे. माझ्या आयुष्यात इतक्या जपून मी फार थोड्या गोष्टी हाताळल्या असतील.

असा द्राव जवळजवळ मीठ नसलेल्या द्रावणात ठेवला तर चवडी सुटतात. पिशव्या एकमेकींपासून दूर होतात आणि वेगवेगळी ठेवलेली प्रथिनं पटलभर मिसळून जातात. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली सेइकिची इझावा आणि नॉर्मन गुड यांनी हे 1966 साली दाखवलं होतं. (आमच्या फडताळातलं ट्रायसीन हे बफर ज्यांच्या प्रयोगशाळेतून जगभर गेलं ते हेच गुड.) आमच्याकडे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक नव्हता, फ्लुरोसन्स मोजायचं यंत्र होतं. हिरव्या द्रावावर निळा प्रकाश टाकला की हरितद्रव्य त्यातला थोडा भाग लाल उजेडाच्या रूपात परत टाकतं, आणि हा लाल उजेड मुख्यतः फोटोसिस्टिम दोनचा असतो. उसातल्या तणावर मारतात ते डायुरॉन आधी घालून इलेक्ट्रॉनांची वाट बंद करायची. प्रथिनं मिसळलेली असताना दोनची ऊर्जा एककडे ओघळते आणि लाल उजेड कमी पडतो. यंत्राचा पेन कागदावर खालच्या पातळीवर सरळ रेघ ओढत राहतो.

मग नळीत मॅग्नेशियम क्लोराइडचे थोडे थेंब टाकायचे, एकूण पाच मिलिमोलर भरेल इतकेच. पेन वर चढू लागतो. एकदम उडी मारत नाही, काही मिनिटं सावकाश चढत राहतो आणि मग स्थिरावतो. त्या मिनिटांत नळीच्या आत पिशव्या पुन्हा भिडतात, फोटोसिस्टिम दोन चवडीत गोळा होतं, एक बाहेर सरतं. पटलाच्या पृष्ठावर ऋणभार असतो, त्यामुळे पिशव्या एकमेकींना लोटतात. धनभारित मॅग्नेशियम मध्ये आलं की लोटणं झाकलं जातं आणि जवळ ओढणाऱ्या दुबळ्या बळांचं चालू लागतं. ज्या प्रथिनांचे देह फटीत मावत नाहीत आणि ज्यांच्यावर भार जास्त आहे ती बाहेर पडतात. पान मेलेलं, पेशी फुटलेली, झाड तर शेतातच. तरी विस्कटलेली रचना जशीच्या तशी उभी राहते.

सुट्टीत वाईला गेले तेव्हा मी हे सगळं अण्णांना सांगितलं. त्यांनी मध्ये एक शब्द न बोलता ऐकलं आणि विचारलं, "मीठ कुणी घातलं?"

"मी."

"मग चेतनावाचून कुठं झालं? तू नसतीस तर?"

हा प्रश्न चुटकीसरशी उडवण्यासारखा नव्हता. मी म्हटलं, "अण्णा, पानात मीठ घालायला मी नसते. उजेड पडला की प्रोटॉन पिशवीत शिरतात आणि त्यांच्या बदल्यात मॅग्नेशियम बाहेर स्ट्रोमात येतं. ते काम उजेड करतो."

"म्हणजे सवितृदेव," अण्णा म्हणाले. ते रोज पहाटे कृष्णेवर अर्घ्य देत, त्यांच्या तोंडी हा अलंकार नव्हता.

"पण अण्णा, तुम्ही ट्यूबलाइट लावलात तरी तेच होतं. आणि माझ्या नळीतल्या चवडी तर अंधारातसुद्धा जुळतात."

अण्णा थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "गवताचं सूत्र काढ."

त्याच पादात थोडं पुढे ते सूत्र आहे. सांख्यांचा दाखला असा की गवत जसं कुणी न करता आपोआप दूध होतं, तशी प्रकृती आपोआप जग होते. आचार्यांचं उत्तर अचूक निरीक्षणाचं आहे. गाईने खाल्लेल्या गवताचं दूध होतं, बैलाने खाल्लेल्याचं होत नाही, बांधावर पडून राहिलेल्याचंही होत नाही. म्हणजे नुसतं गवत पुरत नाही, काहीतरी निमित्त लागतं. मला हे तेव्हाही पटलं आणि आजही पटतं. मॅग्नेशियम नसेल तर चवड नाही. प्रथिनांचे आकार वेगळे असते तर वेगळी चवड झाली असती. निमित्त हवंच. माझं म्हणणं एवढंच होतं की निमित्त हवं हे एक, आणि ते निमित्त चेतन हवं हे दुसरं. गाय आणि बैल यांतला फरक आज आपण स्तनग्रंथी आणि संप्रेरकं यांच्या भाषेत सांगू शकतो. ती ग्रंथी गाईची असली तरी गाईच्या इच्छेने दूध तयार होत नाही.

हे म्हणणारी मी पहिली नाही. सातव्या शतकात धर्मकीर्तीने प्रमाणवार्तिकात नेमकी हीच नस पकडली होती. रचना दिसली की कर्ता मानायचा हा नियम सरसकट लावता येत नाही, असं तो सांगतो. ज्या जातीच्या रचनेला कर्ता असतो हे आपण पाहिलं आहे, त्याच जातीची रचना दिसली तर कर्त्याचं अनुमान खरं. मडकं मातीचं आणि ते कुंभार करतो, म्हणून वारूळही मातीचं आहे तर तेही कुंभारानेच केलं, असं म्हणणाऱ्याला आपण काय म्हणू? विल्यम पेली या इंग्रज धर्मशास्त्र्याने माळावर सापडलेल्या घड्याळाचं उदाहरण देऊन निर्मात्याचं अनुमान मांडलं ते 1802 साली. त्याच्या किती आधी हा वाद आपल्याकडे दोन्ही बाजूंनी पूर्ण ताकदीने झाला होता! आपल्या महाविद्यालयांत मात्र पेली शिकवला जातो आणि वारूळ शिकवलं जात नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

धर्मकीर्तीला उत्तर द्यायला पुढे दहाव्या शतकात मिथिलेचे उदयनाचार्य उभे राहिले. न्यायकुसुमांजलीत त्यांनी ईश्वराच्या सिद्धीसाठी जी अनुमानं ओळीने दिली त्यांत एक आहे आयोजनाचं, म्हणजे परमाणू एकमेकांशी जुळतात ते कुणा चेतनाच्या प्रयत्नाशिवाय जुळणार नाहीत. दुसरं आहे धृतीचं, म्हणजे जग कोसळत नाही त्या अर्थी कुणीतरी ते धरून ठेवलं आहे. आयोजनाच्या बाबतीत पालकाच्या नळीने माझ्यापुरता निकाल दिला आहे. जुळण्यासाठी जुळवणारा लागत नाही, जुळणाऱ्यांचे स्वभाव आणि भोवतालची स्थिती पुरते. धृतीचं प्रकरण जास्त खोल आहे, आणि तिथं पानाने मला जे शिकवलं ते कुठल्याच पक्षाच्या ग्रंथात मी वाचलं नव्हतं.

फोटोसिस्टिम दोनच्या गाभ्यात डी-वन नावाचं प्रथिन आहे. पाणी फोडण्याची सगळी यंत्रणा त्याच्या आधाराने उभी असते. ज्या प्रकाशावर ते जगतं तोच प्रकाश त्याला मोडतो. कडक उन्हात एकेक डी-वन तासाभराच्या आतबाहेर निकामी होतं. पटलातल्या दुसऱ्या कुठल्या प्रथिनाची उलाढाल इतकी नाही. ते मोडलं की अख्खं संकुल सैल होतं, चवडीतून सरकत सरकत मोकळ्या पटलाकडे येतं. यावंच लागतं, कारण मोडकं प्रथिन कापून काढणारी एफटीएसएच ही मोठी विकरं त्या अरुंद फटीत शिरू शकत नाहीत, आणि नवं प्रथिन विणणारे रायबोसोमही शिरू शकत नाहीत. बाहेर आल्यावर जुनं डी-वन तोडलं जातं, हरितलवकाच्या स्वतःच्या जनुकावरून नवं विणता विणताच जागेवर बसवलं जातं, आणि दुरुस्त संकुल पुन्हा चवडीत परततं. चवडीच्या पटलाचा सत्तर ते ऐंशी टक्के भाग प्रथिनांनी व्यापलेला असतो. अशा दाटीतून हे सगळं दिवसभर चालू असतं, माझ्या दारातल्या जास्वंदीच्या प्रत्येक पानात, या क्षणीसुद्धा.

इथं घर आणि पलंग हे दाखले निकामी होतात. पलंग एकदा केला की सुतार निघून जातो आणि पलंग राहतो. ग्रॅनममध्ये असं राहणारं काही नाही. मोडणं आणि होणं थांबलं की रचनाही संपली. तिला कुणी धरून ठेवलेलं असेल तर ते बाहेरून हात लावून धरलेलं नाही, कारण बाहेर आणि आत अशी फारकतच तिथं करता येत नाही. धरणारा प्रकाश, धरलं जाणारं प्रथिन, मोडणाराही प्रकाश, दुरुस्त करणारंही प्रथिन. यात सुताराला उभं राहायला जागा कुठे आहे?

आणखी एक गोष्ट कोल्हापूरला राहिल्यामुळे डोळ्यांसमोर राहिली. उसाच्या, मक्याच्या, ज्वारीच्या पानात दोन तऱ्हेच्या हिरव्या पेशी असतात. शिरांभोवती एक वेढा आणि त्याबाहेर दुसरा. बाहेरच्या पेशींतल्या हरितलवकांत नेहमीच्या चवडी असतात. आतल्या वेढ्यात चवडी जवळजवळ नसतात, पटलं मोकळी आणि समांतर, फोटोसिस्टिम दोन अगदी थोडं. आतल्या वेढ्यात कार्बन डायऑक्साइड साखरेत बांधायचा असतो, तिथं पाणी फुटून ऑक्सिजन सुटला तर ते काम बिघडतं. एकच रोप, एकच बी, तीच जनुकं, एका पानात हाताच्या अंतरावरही नव्हे तर पेशीच्या अंतरावर दोन रचना. उलट क्वीन्सलंडच्या वर्षावनात, जिथं जमिनीपर्यंत ऊन क्वचितच पोचतं, तिथल्या आपल्या अळवाच्याच कुळातल्या एका झाडात बोर्डमन आणि अँडरसन यांच्या गटाला शंभराहून जास्त पिशव्यांच्या चवडी आढळल्या. आणि निळ्या-हिरव्या जिवाणूंत, ज्यांच्या पूर्वजांपासून हरितलवक आलं, ग्रॅना मुळातच नाहीत, तरी दोन अब्जांहून अधिक वर्षं ते प्रकाशावर जगत आले आहेत. आधी आराखडा आणि मग बांधकाम, असं इथं कुठंही दिसत नाही. जागेची गरज, देहाचा आकार आणि उजेडाचं मान यांतून रचना प्रत्येक ठिकाणी नव्याने ठरते.

मग "म्हणजे सगळं रसायनशास्त्रच" असं म्हणून वही मिटणारे माझे विद्यार्थीही होते. त्यांच्याशी मी सहमत नाही. ऋणभार धनभाराने झाकला जातो हे खरं, पण असे भार असावेत, त्यांचे असे नियम असावेत, आणि त्या नियमांतून पाणी फोडून श्वास देणारी वस्तू निपजावी, ही शक्यता जगात आहे हे रसायनशास्त्र सांगत नाही, ते धरून चालतं. अण्णांनी पुढे एकदा हेच वेगळ्या शब्दांत विचारलं होतं: "रचना होते हे तू दाखवलंस बाळ. पण रचना होऊ शकते हे कुठून आलं?" हा प्रश्न खरा आहे आणि तो मॅग्नेशियमने सुटत नाही. पण हा प्रश्न पलंग आणि सुताराचाही नाही.

मला आधार सापडला तो इथं. पहिल्या अध्यायाच्या शेवटच्या पादात सूत्रकार सांगतात की ब्रह्म हे जगाचं केवळ निमित्त नव्हे, ते उपादानही आहे. म्हणजे ते कुंभारही आहे आणि मातीही. आणि ज्या पादाच्या आरंभी घर-पलंगाचा युक्तिवाद आहे, त्याच पादात पुढे पाशुपतांशी वाद करताना शंकराचार्य स्वतः म्हणतात की जगापासून वेगळा राहून नुसता नियमन करणारा ईश्वर मानणं सुसंगत ठरत नाही. घर-पलंगाचा दाखला सांख्यांना अडवण्यासाठी आहे. तो आचार्यांचा शेवटचा शब्द नव्हे, आणि त्यांच्या सिद्धान्तात सुताराएवढा वेगळा ईश्वर उरतच नाही. आपण मात्र प्रवचनातून, शाळेच्या भाषणांतून, मोबाइलवर फिरणाऱ्या संदेशांतून पहिला अर्धाच उचलला. झाडाचं पान दाखवायचं आणि म्हणायचं, बघा, केवढा कुशल कारागीर! हा उदयनाचार्यांचा ईश्वर आहे आणि पान त्याच्या बाजूने साक्ष देत नाही. ज्याला पदार्थाच्या बाहेर जागाच नाही असा ईश्वर मानला, तर मात्र पान त्याच्या विरुद्ध काहीच सांगत नाही. पाऱ्यासारखं चळणारं हे पटल, त्यातली मोडून पुन्हा होणारी प्रथिनं, त्यांना लांब ठेवणारं त्यांचंच शरीर, हे सगळं वेगळ्या हाताशिवाय चालतं आणि तरी नियमाने चालतं.

मी रोज देवापुढे दिवा लावते. कुठल्या कारागिराच्या कौतुकासाठी लावत नाही. अण्णा गेले तेव्हा त्यांच्या भाष्याच्या प्रतीत रचनेच्या सूत्रापाशी खूण होती आणि समासात त्यांच्या बारीक अक्षरात एकच शब्द होता, मॅग्नेशियम. त्यांनी माझं म्हणणं मान्य केलं होतं की ते पूर्वपक्ष म्हणून टिपून ठेवलं होतं, ते मी विचारू शकले नाही. मला दोन्ही चालण्यासारखं आहे. पूर्वपक्षाला पूर्ण जागा देणं हीच त्यांची परंपरा होती.

ज्या पाठशाळांत आणि संस्कृत विभागांत हा पाद आजही शिकवला जातो, तिथल्या शिक्षकांना माझी विनंती आहे. रचनेचं सूत्र लावाल त्या आठवड्यात जवळच्या महाविद्यालयाच्या वनस्पतिशास्त्र विभागात विद्यार्थ्यांना एक दुपार न्या. पालकाची जुडी, बर्फ, मिक्सर, सेंट्रिफ्यूज आणि चिमूटभर मॅग्नेशियम क्लोराइड यांपलीकडे फारसं काही लागत नाही, आणि फ्लुरोसन्स मोजायची यंत्रं आता पुष्कळ ठिकाणी आहेत. आणि वनस्पतिशास्त्राच्या माझ्या सहकाऱ्यांना विनंती, त्या दुपारी त्या मुलांना धर्मकीर्तीचं वारूळ आणि शंकराचार्यांचं गवत तुमच्या विद्यार्थ्यांपुढे मांडू द्या, आणि त्यांनी प्रश्न विचारले तर घड्याळाकडे बघू नका.